गणकयंत्राच्या पोटांतील रहदारी

सकाळीं साडेसातच्या सुमारास मीरा रोड स्टेशनाच्या फलाटावर जो जनसमुदाय उभा असतो, त्यांतील प्रत्येक मनुष्य आपापल्या कामांत वाकबगार असतो. कोणी हिशेबनीस, कोणी परिचारिका, कोणी शिक्षिका, कोणी हिऱ्यांच्या बाजारांतील कारागीर. या सर्वांच्या कसबाची बेरीज केली, तर मुंबई शहरांत त्या दिवशीं किती काम उरकावें याचा मोठा थोरला आंकडा निघेल. प्रत्यक्षांत तितकें काम होत नाहीं. आणि तें न होण्याचें कारण त्या माणसांच्या अंगीं नसून रुळांवर असतें. विरारहून निघालेली गाडी वसईची खाडी ओलांडून भाईंदरला येते, तेव्हांच ती तुडुंब भरलेली असते. मीरा रोडला ती थांबते हें खरें, पण थांबणें निराळें आणि आंत घेणें निराळें. सन २००१ च्या शिरगणतींत मीरा-भाईंदर शहराची वस्ती ५,२०,३८८ होती. सन २०११ च्या शिरगणतींत ती ८,०९,३७८ भरली. दहा वर्षांत माणसें दीडपटीहून अधिक झालीं. 

गणकयंत्राच्या म्हणजे संगणकाच्या पोटांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत नेमकी हीच अवस्था उत्पन्न झाली आहे. ती ज्यानें समजून घेतली, त्याला आजच्या 'विचार करणाऱ्या' यंत्रांचें निम्मे मर्म कळलें असें म्हणावयास हरकत नाहीं. उरलेलें निम्मे मर्म भाषेंत आहे, त्याकडे पुढें यावयाचेंच आहे.

पूर्वीं संगणकाच्या चिपमध्यें गणित करणारा गाभा एकच असे. दरसाल त्याची गति वाढवीत न्यावयाची, हा कारखानदारांचा शिरस्ता होता. परंतु सन २००४ च्या सुमारास ही वाट खुंटली. गति आणखी वाढवावी तर नखाएवढा तुकडा इतका तापूं लागला, कीं त्याला थंड ठेवणें अवघड झालें. तेव्हां, एकाच गड्याला अधिक पळावयास लावण्याऐवजीं अनेक गडी कामाला लावावे, असें ठरलें. आय. बी. एम. कंपनीनें दोन गाभ्यांची चिप सन २००१ मध्येंच काढली होती. सन २००७ मध्यें इंटेल कंपनीच्या प्रयोगशाळेंत ८० गाभ्यांची प्रायोगिक चिप तयार झाली. आज घरोघरच्या खिशांतील दूरध्वनियंत्रांतही अनेक गाभे असतात.

आतां अडचण अशी, कीं अनेक गडी म्हटले म्हणजे त्यांना एकमेकांशीं बोलावें लागतें. एकाचें उत्तर दुसऱ्याला हवें असतें, दुसऱ्याचें तिसऱ्याला. प्रारंभीं यासाठीं सर्वांना मिळून तारांचा एकच सामायिक मार्ग ठेवीत. त्याला 'बस' असें नांव आहे. गिरगांवांतील जुन्या चाळींत मजल्यावर एकच नळ असे, त्याची ज्यांना आठवण असेल त्यांना या व्यवस्थेचा गुण आणि दोष दोन्ही ताबडतोब कळतील. दोन बिऱ्हाडें असलीं तर तंटा नाहीं. सोळा बिऱ्हाडें झालीं, कीं अर्धा दिवस रांगेंत जातो. मग वर्तुळाकार मार्ग आले. निरोप एका गाभ्याकडून शेजारच्याकडे, त्याच्याकडून पुढच्याकडे असा फिरत जावयाचा. बरींच वर्षें हें भागलें. परंतु वर्तुळ मोठें झालें, कीं समोरच्या टोकास पोंचावयाला अर्धी प्रदक्षिणा घालावी लागते. सन २०१७ मध्यें इंटेलनें आपल्या मोठ्या संगणकांच्या चिपमध्यें वर्तुळाचा त्याग करून जाळीचा स्वीकार केला.

ही जाळी मोठी मौजेची वस्तु आहे. बुद्धिबळाचा पट डोळ्यांसमोर आणावा. प्रत्येक घरांत एक गाभा, आणि त्याच्या दाराशीं एक राउटर, म्हणजे टपाल निवडणारा कारकून. निरोपाचे लहान लहान लखोटे करावयाचे, वर पत्ता घालावयाचा, आणि ते कारकुनाच्या हातीं द्यावयाचे. तो पत्ता पाहून शेजारच्या कारकुनाकडे देतो. आगगाडीच्या टपाल डब्यांत रात्रभर पत्रें निवडणारे लोक जें काम करीत, तेंच हें काम. फरक इतकाच, कीं तें एका सेकंदांत अब्जावधि वेळां चालतें. चिपमध्यें दर दोघांसाठीं स्वतंत्र तारा ओढीत बसण्यापेक्षां असे लखोटे धाडावेत, ही कल्पना विल्यम डॅली आणि ब्रायन टौल्स या दोघां अमेरिकन अभियंत्यांनीं सन २००१ मध्यें एका निबंधांत ठामपणें मांडली, आणि पुढें ती मान्य झाली.

या टपालखात्याचा एक नियम सांगण्यासारखा आहे. चौकांत चार बाजूंनीं चार गाड्या आल्या, प्रत्येकीला पुढच्या गाडीची जागा हवी आणि कोणीच मागें हटेना, तर चौघी तेथेंच उभ्या राहतात. कोणाचीच चूक नसते आणि कोणाचीच सुटका होत नाहीं. चिपमध्यें असें झालें तर तें यंत्र कायमचें थिजून जातें. समजूत घालावयास तेथें पोलीस नसतो. यावर उपाय फार साधा निघाला. प्रत्येक लखोट्यानें आधीं आडवें जावें, मग उभें. एकदां उभ्या रस्त्याला लागल्यावर पुन्हां आडव्या रस्त्यास वळूं नये. चौकाला वेढा पडण्यासाठीं जीं वळणें लागतात, त्यांपैकीं कांहीं या नियमानें बंदच झालीं, म्हणून वेढा पुरा होऊंच शकत नाहीं. मात्र या शिस्तीची किंमत पडते. सर्वच घरें सर्व घरांशीं बोलूं लागलीं तर मधल्या रस्त्यांवर गर्दी उसळते आणि कडेचे रस्ते मोकळे राहतात. दादरचा पूल ज्यानें सायंकाळीं ओलांडला आहे, त्याला याहून अधिक सांगावयास नको.

ही विद्या परदेशांतच जन्मली आणि आपण ती नुसती विकत घेतली, असें मात्र नाहीं. सन १९८८ मध्यें पुण्यास 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली आणि अकोला जिल्ह्यांतून आलेले डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख झाले. अमेरिकेनें आपल्या शास्त्रज्ञांना हवा असलेला महासंगणक देण्यास आढेवेढे घेतल्यावर येथेंच तो बांधावयाचा, असा सरकारचा निश्चय झाला होता. या मंडळींनीं एकच प्रचंड गति असलेला गणक बनविण्याचा नाद धरला नाहीं. इंग्लंडांतील इन्मॉस कंपनीचे 'ट्रान्सप्यूटर' नांवाचे छोटे गणक त्यांनीं घेतले. यांची खुबी अशी, कीं प्रत्येकाच्या अंगाला बोलण्यासाठीं चार हात जन्मतःच दिलेले असत. चार शेजाऱ्यांचे हात धरावयाचे आणि कामाला लागावयाचें. असे ६४ गणक जोडलेला 'परम ८०००' सन १९९१ मध्यें लोकांपुढें आला. आज जें एका चिपमध्यें मावतें, तें तेव्हां पुण्यांत कपाटांत मांडलें होतें.

त्या यंत्राकडून करून घेण्याच्या कामांत हवामानासारखीं गणितें प्रमुख होतीं, आणि येथें एक सूक्ष्म गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. हवामानाच्या गणितांत देशाचे चौकोनी तुकडे पाडतात. रत्नागिरीवरील हवेचें पुढच्या घटकेस काय होईल, हें मुख्यतः आजूबाजूच्या हवेवर अवलंबून असतें. त्या घटकेपुरता रत्नागिरीला गुवाहाटीचा निरोप लागत नाहीं. म्हणून प्रत्येक गणकानें आपल्या चार शेजाऱ्यांशीं बोललें कीं पुरे. निसर्गाची रचना आणि यंत्राची रचना येथें एकमेकांस साजेशी होती.

भाषेचें तसें नाहीं.

मीरा रोडच्या एखाद्या गृहसंस्थेंत आषाढ-श्रावणांत लोक दूरध्वनियंत्रावर एकमेकांस काय लिहितात तें पाहावें. एक गृहस्थ लिहितात, "बाबांच्या अंगांत कालपासून कसर आहे." दुसरे लिहितात, "टँकरवाल्यानें डोक्याला ताप केला आहे." शेजारच्या गुजराती बाई लिहितात, कीं मुलाला 'ताव' आहे. तिसऱ्या मजल्यावरील चिरंजीव आदल्या दिवशींच्या पुरणपोळीवर आपण कसा ताव मारला याचें वर्णन करतात. आतां या चार वाक्यांत आजारी माणसें किती? मनुष्याला तें सांगावयास पळभरही लागत नाहीं: दोन. परंतु शब्द मोजणाऱ्या यंत्राला 'ताप' हा शब्द ज्या घरांत सांपडला, तेथें टँकरखेरीज कसलाच त्रास नाहीं. 'कसर' म्हणजे हिशेबांतील तूट, पुस्तक खाणारा किडा, आणि अंगांतील बारीक ज्वरही. गुजरातींत 'ताव' म्हणजे ताप. मराठींत तो कागदाचाही असतो आणि जेवणावरही मारतात. यांत आणखी कोणी "आतां ताप नाहीं" असें लिहिलें म्हणजे ती बातमी आजाराची कीं आरोग्याची, हेंही 'नाहीं' या एका शब्दावर ठरावयाचें. मराठी मनुष्य तर आपला आजार सरळ नांवानें क्वचितच सांगतो. त्याचें अंग मोडून येतें, त्याच्या तोंडाला चव नसते, त्याला कणकण वाटते, डोळ्यांची आग होते, आणि हें सर्व सांगून झाल्यावर तो म्हणतो, "बाकी विशेष कांहीं नाहीं."

हा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. लोकांच्या बोलण्यांतून साथीची चाहूल सरकारी तक्त्यांच्या आधीं लागते, हें यामागील कारण आहे. सन १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं ग्रंथिज्वर ओळखला, तेव्हां प्रयोगशाळेचा दाखला त्यांच्या हातीं नव्हता. रोग्यांना पाहून आणि त्यांचें म्हणणें ऐकून त्यांनीं निदान केलें. तेंच ऐकण्याचें काम यंत्रानें लाखों ठिकाणीं एकाच वेळीं करावें, ही आजची महत्त्वाकांक्षा आहे.

तिचा पहिला मोठा प्रयोग फसला. गूगल कंपनीनें सन २००८ मध्यें लोक काय शोधतात त्यावरून इन्फ्लुएंझाचा अंदाज सांगण्यास सुरुवात केली. सन २००९ च्या वसंतांत अमेरिकेंत नव्या विषाणूची साथ आली, तेव्हां यंत्रानें ती कमी लेखली. तीच साथ पुढें हिंदुस्थानांत आली आणि ऑगस्टमध्यें देशांतील पहिला बळी पुण्यांत गेला. पुढें २०१२-१३ च्या हिवाळ्यांत यंत्रानें उलट चूक केली: सरकारी आंकड्यांच्या जवळजवळ दुप्पट रोगी सांगितले. सन २०१५ मध्यें हा उपक्रम बंद झाला. वर्तमानपत्रांतील बातम्या वाचून लोक घाबरून शोध घेतात आणि खरोखर आजारी पडूनही शोध घेतात. शब्द तेच असतात. नुसते शब्द मोजून हा भेद कळत नाहीं. वाक्य वाचावें लागतें.

वाक्य वाचणारीं यंत्रें सन २०१७ नंतर खऱ्या अर्थानें निपजूं लागलीं. त्यांची रीत अशी: वाक्याचे तुकडे पाडावयाचे, आणि प्रत्येक तुकडा दुसऱ्या प्रत्येक तुकड्याशीं ताडून पाहावयाचा. 'ताप' या शब्दाच्या आगेमागें 'डोक्याला' आहे काय, 'टँकर' आहे काय, 'नाहीं' आहे काय, हें पाहून त्याचा अर्थ ठरवावयाचा. म्हणजे हवामानासारखें चार शेजाऱ्यांशीं बोलून येथें भागत नाहीं. सर्वांनीं सर्वांशीं बोलावें लागतें. दहा तुकडे असले तर ताडून पाहण्याच्या शंभर जोड्या. चाळीस झाले तर सोळाशें. आणि ही सर्व बोलणीं त्याच जाळींतून, त्याच मधल्या गर्दीच्या रस्त्यांतून जावयाचीं. दोन संख्यांची बेरीज करण्यास जितकी वीज लागते, तिच्या हजारोंपट वीज ती संख्या चिपच्या बाहेरील स्मृतींतून आणण्यास लागते. हिशेब करणारा कारकून चर्चगेटला आणि वही मीरा रोडला, अशांतला हा प्रकार. यंत्राची खरी मेहनत गणितांत नाहीं, ने-आण करण्यांत आहे.

आणि या ने-आणींत मराठीला अधिक भाडें पडतें, ही गोष्ट सुशिक्षित घरांतही फारशी माहीत नाहीं.

त्याची हकीकत अशी. ज्या सी-डॅकनें परम बांधला, तिच्याच एका विभागानें भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचें काम केलें. कानपूरच्या आय. आय. टी.मध्यें सुरू झालेलें 'जिस्ट' हें तंत्र पुण्यास वाढलें, आणि 'इस्की' नांवाची संकेतपद्धति सन १९९१ मध्यें राष्ट्रीय मानक ठरली. तींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास साठवणीचें एकच घर, म्हणजे एक बाइट पुरे. परंतु जगभर एकच पद्धति असावी, या योग्य हेतूनें युनिकोड आलें. आणि तें लिहून ठेवण्याची आज सर्वत्र चालणारी रीत सन १९९२ मध्यें केन टॉम्पसन व रॉब पाइक यांनीं न्यू जर्सीमधील एका उपाहारगृहांत, ताटाखालच्या कागदावर आंखली. रीत अत्यंत हुशारीची आहे, यांत शंका नाहीं. पण तींत इंग्रजी अक्षरास एक घर लागतें आणि देवनागरी चिन्हास तीन. 'ताप' हा एवढासा शब्द; त, काना आणि प मिळून त्याचीं नऊ घरें होतात. त्याच आजाराचें इंग्रजी नांव पांच घरांत मावतें. 'कणकण' लिहावयाचें तर बारा घरें.

एवढ्यानें संपत नाहीं. वाक्याचे तुकडे पाडण्याचे सांचे हे ज्या मजकुरावरून तयार झाले, तो बहुतांश इंग्रजी. म्हणून इंग्रजी शब्द बहुधा अखंड राहतो, आणि मराठी शब्दाच्या चिंध्या होतात. त्यांत मराठी ही प्रत्यय जोडून शब्द लांबविणारी भाषा; 'डोकेदुखीमुळेंसुद्धां' हें मराठीला एक पद वाटतें, यंत्राला ती मालगाडी वाटते. तुकडे वाढले कीं जोड्या त्याच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतात. एखाद्या छोट्या निरोपांत हें जाणवणार नाहीं. पण एखाद्या विभागाचें महिनाभराचें बोलणें एकत्र वाचावयाचें म्हटलें, कीं तीच माहिती मराठींत वाचण्यास वेळ अधिक, वीज अधिक, आणि म्हणून पैसा अधिक. श्रीमंत कंपनीला याचें कांहीं वाटत नाहीं. नगरपालिकेच्या रुग्णालयाला वाटतें. खर्च वांचविण्यासाठीं तें उद्यां म्हणेल, कीं इंग्रजी आणि हिंदी तेवढें वाचूं, बाकीचें राहूं द्या. आणि मग ज्या म्हातारीला 'कणकण' याखेरीज दुसरा शब्दच येत नाहीं, तिचा ताप तक्त्यावर उमटावयाचा नाहीं. ही भीति कल्पनेंतली म्हणून सोडून देण्यासारखी नाहीं.

यावर प्रयत्न चालू आहेत, हेंही सांगितलें पाहिजे. पुण्यांतील 'एल-थ्री-क्यूब' या गटानें सन २०२२ मध्यें 'महाबर्ट' हें मराठीसाठीं खास शिकविलेलें भाषायंत्र तयार करून सर्वांस खुलें केलें.  तुकडे पाडण्याचे नवे सांचेही पूर्वींइतके पक्षपाती राहिलेले नाहींत. त्याच वर्षीं मुंबईच्या 'वाधवानी एआय' या संस्थेनें केंद्र सरकारच्या रोगनियंत्रण विभागासाठीं रचलेलें यंत्र कामास लागलें. तें लोकांचें खाजगी बोलणें ऐकत नाहीं. प्रसिद्ध झालेल्या बातम्या १३ भाषांतून वाचतें. पहिल्या कांहीं वर्षांत त्यानें ३० कोटींहून अधिक बातम्या चाळल्या, त्यांतून ९५ हजारांवर घटना वेगळ्या काढल्या, आणि तज्ज्ञांनीं त्यांपैकीं साडेतीन हजारांवर घटना पुढील चौकशीसाठीं निवडल्या. हे तीन आंकडे एकापुढें एक ठेवून पाहावे. यंत्र चाळणी धरतें. खडा कोणता आणि दाणा कोणता, हें शेवटीं माणूसच सांगतो. ही वांटणी सध्यां तरी शहाणपणाची दिसते.

खाजगी बोलणें वाचण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. सन १८९७ च्या प्लेगांत पुण्यास शिपायांकडून घरोघर झडत्या होऊं लागल्या, तेव्हां लोकांनीं रोगी लपविले. माळ्यावर लपविले, गांवाबाहेर पोंचविले. रोग त्यांच्याबरोबर गेला. त्या सालच्या साथरोगाच्या कायद्यानें अधिकाऱ्यांस अधिकार पुष्कळ दिले, पण लोकांचा विश्वास कायद्यानें मिळाला नाहीं. आज गृहसंस्थेंतील मंडळी एकमेकांस मोकळेपणानें लिहितात, तें कोणी परकें वाचीत नाहीं या समजुतीवर. आपल्या मुलीच्या आजाराविषयीं लिहिलेलें वाक्य विमा कंपनीच्या किंवा घरमालकाच्या हातीं पडेल, अशी नुसती शंका आली, तरी लोक लिहिणें सोडतील, आणि कितीही गाभ्यांची चिप आणली तरी तिच्यापुढें वाचावयास कांहीं उरणार नाहीं. म्हणून नांवें व पत्ते आधीं पुसून, फक्त विभागवार संख्या पुढें जावी, आणि शक्य तर वाचन त्या माणसाच्या हातांतील यंत्रांतच व्हावें, असें कित्येक अभियंते म्हणतात. परंतु हातांतील यंत्राची वीज ती किती! तेथें एकेक लखोट्याची ने-आण मोजावी लागते. चिपमधील रस्ते कसे आंखावे आणि मराठी शब्दाचे तुकडे किती पाडावे, हे दोन रुक्ष प्रश्न येथें एकाएकीं घरगुती होतात.

तोंवर पावसाळ्यांत पालिकेची आरोग्यसेविका हातांत वही घेऊन जिने चढतेच आहे. कुंड्यांखालच्या बशांतील पाणी ती ओतून टाकावयास लावते, पिंपांचीं झांकणें उघडून पाहते, आणि दारांत उभ्या असलेल्या गृहिणीस विचारते, "घरांत कोणाला ताप?" गृहिणी सांगते, "ताप नाहीं हो ताई, सासूबाईंना नुसती कणकण आहे दोन दिवस." आणि ती वहींत लिहिते: ताप, एक.